चौदा अंगठे

आठ दिवस कुवेतला राहून परत आले. तेव्हापासून केळंब्यात जो भेटतो तो विचारतो, बाई, काय काय बघितलंत? मी सांगायला लागले की दोन मिनिटांत त्याला घरची कामं आठवतात. लोकांना मॉल हवे असतात, सोन्याची दुकानं हवी असतात, समुद्रकाठचे ते निळे मनोरे हवे असतात. मनोरे मीही बघितले, गाडीच्या काचेतून, आणि चांगले आहेत. पण मी रागावून परत आले आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही. ज्यांना फक्त मनोरे हवेत त्यांनी इथेच थांबावं.

आधी मी गेले कशाला ते सांगते. केळंबे हे सिंधुदुर्गातलं आमचं गाव. मी तिथे सून म्हणून आले आणि तिथल्याच प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावाचा इतिहास लिहायला घेतला. देवळातल्या जुन्या वह्या, ग्रामपंचायतीचे वाळवी लागलेले गठ्ठे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, असं करत सात वर्षं गेली. गावातली बरीच मुलं आता कुवेतला आहेत, कुणी बँकेत, कुणी हिशेबनीस, कुणी इस्पितळात. त्यांचं तिथे ग्रामस्थ मंडळ आहे. त्यांनी पुस्तक छापायचं मनावर घेतलं, तिथेच छापलं आणि प्रकाशनाला मला बोलावलं. शाळेतल्या बाईंना विमानाने बोलावणारे विद्यार्थी किती जणींच्या नशिबी असतात? मी हुरळून गेले, हे कबूल करते.

पुस्तकाचा मुख्य भाग म्हणजे आमची विहीर. गावात तिला 'चौदांची बाव' म्हणतात. एका वर्षी पाऊस अर्ध्यातच गेला, वाडीवरचे झरे आटले, तेव्हा सरकारने धान्याच्या बदल्यात काम काढलं आणि चौदा गावकऱ्यांनी कातळ फोडून ती विहीर खणली. काठावर दगडी फलक आहे, त्यावर चौदा नावं. मला ग्रामपंचायतीत त्या कामाचा हजेरीपटसुद्धा सापडला. फलकावरची नावं आणि हजेरीपटावरची नावं एकास एक जुळली तेव्हा मला कोण आनंद झाला होता. सातव्या क्रमांकावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. 'चौदा भगीरथ' असं मी त्या प्रकरणाला नाव दिलं. आज ते शब्द डोळ्यांसमोर आले तरी पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटतं.

मंगळवार, अबू हलीफा

माझा मुक्काम संजयकडे होता. संजय माझा विद्यार्थी, आता एका बँकेत आहे. त्याचं बिऱ्हाड अबू हलीफाला, नवव्या मजल्यावर. खिडकीतून समुद्र दिसतो, पण आपल्यासारखा नाही. याला लाटाच नाहीत. सपाट, फिकट हिरवा, तोंड बंद करून बसलेला समुद्र. ऑक्टोबर संपत आला होता तरी दुपारी बाहेर पाऊल टाकलं की तव्यावरची वाफ तोंडावर यावी तसं व्हायचं. संजय म्हणाला, "बाई, आता थंडी सुरू झाली." मला वाटलं चेष्टा करतोय. तो मनापासून सांगत होता.

पहिल्याच सकाळी मी घोळ घातला. संजय आणि त्याची बायको मेघना दोघंही कामाला गेलेली. त्यांची मुलगी आर्या आत झोपलेली. म्हटलं, खालच्या बकाल्यातून, म्हणजे आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणू आणि चहा करू. पांढरी बाटली उचलली, वर सगळं अरबीत. चहात ओतलं आणि चहा जो फाटला! ते खारं ताक होतं, लबन. आर्या उठून बघते तर आजी पातेल्यात पनीर करून बसलेली. "It's okay, happens," म्हणाली आणि मलाच चहा करून दिला. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मी दोन दिवस तिला टोकत राहिले, मग सोडून दिलं.

संध्याकाळी संजयने बेकरीतून खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणला, भट्टीतून नुकता काढलेला, परातीएवढा. त्याबरोबर मेघनाने पापलेटचं तिखलं केलं होतं. इथे त्या माशाला जुबैदी म्हणतात आणि त्याचं कौतुक आपल्यासारखंच आहे. जेवल्यावर दिवाणखान्यात रचलेली खोकी फोडली आणि माझं पुस्तक माझ्या हातात आलं. छपाई सुरेख होती. शेवटी मंडळाच्या सभासदांची यादी होती. सगळे पुरुष. मी म्हटलं, "बायका सभासद नाहीत?"

"घरटी एक सभासद, बाई. कुटुंबप्रमुखाच्या नावाने."

यादीत विनायक असं एक नाव होतं. तो आमच्या रंजनाचा नवरा, एवढं मला ठाऊक होतं. रंजनाही माझीच विद्यार्थिनी, इथल्या सरकारी इस्पितळात नर्स आहे. इथे एकोणीस वर्षं तिला झाली. नवरा मागाहून, तिच्या नोकरीच्या जोरावर आला. केळंब्याची ती, विनायक तर देवगडचा. तरी सभासद विनायक. मी संजयला हे दाखवलं, तो हसला, म्हणाला, "पद्धत आहे." मीही हसले. त्या वेळी मला राग आला नाही, हे लिहून ठेवते.

बुधवार, हवल्ली

रंजना रात्रपाळी संपवून, दोन तास झोपून, मला न्यायला आली. स्वतः गाडी चालवत. इथल्या रस्त्यांवर लोक ज्या वेगाने जातात तो बघून मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते, आणि ही एका हाताने गाडी चालवत मला खजूर देत होती. "बाई, आई आलीय भेटीच्या व्हिसावर," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात परत मुंबईला, चुलतभावाकडे. तुम्ही तिला पुस्तक वाचून दाखवा. हल्ली पुष्कळ विसरते, पण गावाचं काढलं की लखलखीत बोलते."

रंजनाची आई म्हणजे पार्वतीकाकी. नवरा वारल्यावर तिने लवकरच गाव सोडलं, त्यामुळे माझी तिची ओळख गणपतीपुरतीच. सात वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या, पण तिच्याकडे गेले नाही. कारण मी ज्यांच्याकडे गेले ते सगळे मानकरी, पुजारी, माजी सरपंच होते. इतिहास त्यांच्याकडे असतो अशी माझी समजूत.

हवल्ली म्हणजे जुनी वस्ती. दाटीवाटीच्या इमारती, खाली शिवणकामाची, मोबाइलची, भाजलेल्या दाण्यांची दुकानं, वर बिऱ्हाडं. सगळ्या देशांचे कपडे एकाच गच्चीवर वाळत घातलेले. रंजनाच्या दोन खोल्यांत पार्वतीकाकी पलंगावर मांडी घालून बसली होती. ऐंशी उलटलेली, सुकलेल्या सुपारीएवढी. तिचे हात मात्र मोठे. रंजना म्हणाली, "विमानतळावर हिच्या बोटांचे ठसे घेईनात. तीनदा घेतले. यंत्रावर काही उमटेचना. तो अधिकारी मला म्हणतो, हिची बोटं झिजलीत."

मी विहिरीचं प्रकरण काढलं आणि ठसक्यात वाचायला लागले, शाळेत वाचायचे तसं. नावांवर आले. "सखाराम बाबल्या..."

"थांब," काकी म्हणाली. "हो सखाराम खंय होतो गावात? हो तर मुंबयक. गिरणीत."

मी पुढचं नाव वाचलं. "हो पण मुंबयत." त्याच्या पुढचं. "हो गोदीत." माझा आवाज बारीक होत गेला. सातवं नाव मी वाचलंच नाही, तर तीच म्हणाली, "आणि तुजो सासरो परळाक होतो. ता तुका ठावक नाय?"

ठाऊक होतं. हाच तर सगळा संताप आहे. मला ठाऊक होतं. माझे सासरे वीस वर्षं गिरणीत होते, शिमग्याला आणि गणपतीला तेवढे यायचे, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्या काळात आमच्या गावातला एकूण एक कर्ता पुरुष मुंबईला होता, हे मी त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात, दाखले देऊन, लिहिलं आहे. आणि सहाव्या प्रकरणात त्याच पुरुषांकडून विहीर खणून घेतली आहे.

"मग बाव कोणी खणली, काकी?"

"आमी. बायलमाणसांनी. दुसरा होता कोण गावात?"

मग ती बोलत राहिली. सुरुंग लावायला एक वडार आणला होता, तेवढाच पुरुष. बाकी कुदळ, पहार, टोपली, सगळं या चौदा जणींनी. माझी सासू पहिल्या दिवसापासून होती. "सातवो म्हयनो होतो तिका, तुजो धाकटो दीर पोटात. तरी टोपली उचली." धान्य मिळायचं ते रेशनकार्डावर, आणि कार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव. म्हणून कारकुनाने हजेरीपटावर तीच नावं घातली आणि बायांना सांगितलं, हय अंगठो मार.

अंगठे मी बघितले होते. माझ्या हाताने त्या कागदावरची धूळ पुसली होती. चौदा नावांपुढे चौदा निळे अंगठे, लहान लहान. सासऱ्यांच्या नावापुढेसुद्धा अंगठा, आणि सासरे मुंबईहून दर महिन्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे, वळणदार अक्षरात! ती पत्रं माझ्या कपाटात आहेत. लहान मुलाच्या वहीतली काना-मात्रेची चूक मी लांबून पकडायचे, आणि ही चूक मला दिसली नाही. सासूबाईंबरोबर मी एकवीस वर्षं एका घरात राहिले. दर साली मुलांना विहिरीवर नेऊन फलक वाचायला लावायचे आणि घरी येऊन त्यांना सांगायचे, आज मामंजींचं नाव वाचलं हो मुलांनी. त्या म्हणायच्या, "बरा झाला." एवढंच.

मी वही काढली. "काकी, चौदा जणींची नावं सांग."

इथे आणखी एक गंमत झाली, जिला मी गंमत म्हणते कारण दुसरा शब्द लिहिता येत नाही. काकी बोटं मोजायला लागली. वरची काकी. दामूची आवस, म्हणजे आई. मधल्या घरची वयनी. खालची मोठी. वडाकडची. मी म्हटलं, नावं, नावं सांग. तर म्हणाली, "नावान कोण हाक मारी? मोठ्या माणसाचा नाव घेवचा नसता." ती त्या सगळ्यांत धाकटी होती. बाकीच्या सगळ्या तिला थोरल्या, त्यामुळे सगळ्या काकी, वयनी, आये. सहा महिने त्यांच्या शेजारी कातळ फोडला, पण मानापायी नाव कधी तोंडात आलं नाही. शिवाय लग्नात बदललेली नावं. तिचं स्वतःचं माहेरचं नाव द्वारकी. पार्वती हे ताटातल्या तांदळात नवऱ्याने लिहिलेलं.

तासाभरात तिला नावानिशी आठवल्या चार जणी. ती स्वतः, माझी सासू, आणि तिच्याच माहेरगावच्या दोघी. दहा राहिल्या. परतताना गाडीत मी रंजनाला म्हटलं, "तुझ्या वडिलांचं नाव आहे ना चौदांत? मग शुक्रवारी त्यांची शाल तू घेणार?" कार्यक्रमात त्या चौदांच्या मुलांना शाल आणि श्रीफळ देणार होते, मुलं कुवेतला आहेत त्यांना.

"नाही, बाई. मंडळाने कळवलं, त्यांचा कुणी वारस इथे नाही."

एकोणीस वर्षं ती हवल्लीत राहते.

गुरुवार, पुन्हा अबू हलीफा

संजयला मी आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं. त्याचेही वडील चौदांत आहेत, दुसऱ्या क्रमांकावर. तो म्हणाला, "बाई, जाऊ द्या ना आता." मी जेवले नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने असं करू नये, पण केलं.

गुरुवारी संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष दिलीप आला. दिलीप माझ्या पहिल्या तुकडीतला, हुशार, अक्षर मोत्यासारखं. आता एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माझ्या पाया पडला. मी म्हटलं, पाया नंतर पड, आधी ऐक. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पुस्तक छापून झालंय, बाई. उद्या हॉल आहे, शाली आल्यात. लोक बायकामुलांसह येणार. ऐनवेळी त्यांना सांगायचं का, तुमचे वडील तिथे नव्हतेच? भावना दुखावतील."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. आणि पार्वतीकाकींचं वय झालंय. त्यांना आठवतं ते खरंच असेल कशावरून?"

"तुझे वडील त्या वर्षी कुठे होते, दिलीप?"

तो खिशातलं पेन काढून उघडमीट करत बसला. वर्गातही असाच बसायचा, उत्तर येत असताना द्यायचं नसेल तर. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे, बाई. आईने सांगितलं होतं. लहानपणीच."

एवढी वर्षं मी न बघता चुकले. हा जाणूनबुजून. "मग तू गप्प का राहिलास?"

"दगडावर नाव आहे ना," तो म्हणाला. "दगडावर बाबांचं नाव आहे. ते खोटं आहे हे मी कुणाला सांगायला जाऊ? आणि आई काही मागत नव्हती."

आई काही मागत नव्हती. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, आणि स्वतःही म्हटलं असेल. मी त्याला स्वच्छ सांगितलं, उद्या मी बोलणार आणि हेच बोलणार, नको असेल तर माझं तिकीट आजचं काढ. तो म्हणाला, "तुम्ही बाई आहात, तुम्हाला कोण अडवणार?" आणि पुन्हा पाया पडून गेला. या पाया पडण्याचा मला त्या दिवशी जितका वीट आला तितका आयुष्यात आला नव्हता.

शुक्रवार

कुवेतमध्ये सगळे सण शुक्रवारी येतात. सुट्टी तीच. गणपती शुक्रवारी, हळदीकुंकू शुक्रवारी, दिवाळी तीन शुक्रवार चालते. सकाळी रस्ते ओस असतात, दुपारची नमाज झाली की गाव जागं होतं. आमचा कार्यक्रम चार वाजता, अबू हलीफातल्याच एका तळघरातल्या हॉलमध्ये. गार हवा इतकी की बायका शालूच्या पदरात हात लपवून बसल्या होत्या. भाकरी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं अशी सगळी तयारी. सुरुवातीला गाऱ्हाणं झालं. गावच्या रवळनाथाला हाक घातली, परमुलखातल्या लेकरांना सांभाळ म्हणून, आणि दोनशे माणसं एका सुरात म्हणाली, होय महाराजा. माझ्या अंगावर काटा आला हे खरं आहे. राग असला तरी येतो.

पार्वतीकाकी पहिल्या रांगेत होती. रंजनाने तिला कुणाला न विचारता तिथे बसवलं होतं.

मला बोलायला उभं केलं. मी पुस्तक उघडलंच नाही. म्हटलं, "मी हजेरी घेणार आहे. वडिलांचं नाव पुकारीन, मुलाने उभं राहायचं." लोक हसले, त्यांना मौज वाटली. काही जण माझे विद्यार्थी, काही त्यांचे थोरले भाऊ. एकेक करून आठ जण उभे राहिले, छान इस्त्रीचे सदरे, तोंडावर हसू. मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. विहीर खणली त्या वर्षी तुझे वडील कुठे होते?

पहिला म्हणाला, गिरणीत, बाई. दुसरा म्हणाला, गोदीत. तिसरा म्हणाला, गिरणीत. तो म्हणता म्हणता थांबला आणि त्याला कळलं. पाचवा माझ्याकडे न बघता म्हणाला, गिरणीत. माझे सासरेही परळला होते, मी सांगितलं, आणि हे मला ठाऊक असून मी खोटं पुस्तक लिहिलं. मग अंगठ्यांचं सांगितलं. सासूबाईंच्या सातव्या महिन्याचं सांगितलं. माझा आवाज चढला, मला आवरता आला नाही, आवरायचाही नव्हता.

मागून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "आमच्या वाडवडिलांचा अपमान करायला आणलंत का यांना?" बायकोला आणि मुलांना घेऊन ते निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक कुटुंब. त्यातली बायको दाराशी थांबून माझ्याकडे बघत होती, नवऱ्याने हात धरून नेली. ही दोन्ही घरं आठांतली नव्हती. आठ जण उभेच होते.

मी वही उघडली. "आता आईचं नाव सांगा."

तुम्हाला खोटं वाटेल, पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली कर्ती माणसं अडली. एक म्हणाला, आये म्हणायचो आम्ही. एक म्हणाला, लग्नानंतरचं की आधीचं? एकाची आई तो तीन वर्षांचा असताना गेली, त्याच्या घरात तिचं नाव कुणी काढलंच नव्हतं, त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. मला वाटलं, झालं, इथेही तेच. तेवढ्यात संजय, बुधवारी मला 'जाऊ द्या' म्हणणारा संजय, खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बघा. आईचं नाव असतं."

कुवेतमध्ये कुठल्याही कागदासाठी पासपोर्टची प्रत लागते, त्यामुळे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो असतोच. सगळ्यांनी मोबाइल काढले. गावच्या दप्तरात नाही, देवळाच्या वहीत नाही, दगडावर नाही, ती नावं सरकारने परदेशी जाण्यासाठी केलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सापडली. संजय वाचायला लागला तेव्हा त्याचा आवाज शाळेतल्यासारखा बारीक झाला. "जानकी." मग यशोदा. मग रुक्मिणी. ज्याची आई लवकर गेली होती त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "अनसूया. माझ्या आईचं नाव अनसूया होतं." आणि खाली बसला.

आठवा दिलीप. त्याने मोबाइल काढला नाही. मंचावर, माझ्या शेजारी, मान खाली घालून तो म्हणाला, "सरस्वती. माहेरचं भागी. हातावर पहारीचा वण होता." त्याला सगळंच ठाऊक होतं. त्या क्षणी मला त्याचा राग अधिक आला की कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग त्याला काय सुचलं, एक शाल घेऊन तो पार्वतीकाकीकडे गेला. तिने हाताने अडवलं. ध्वनिवर्धक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "शाल नको. शालीचा काय करू? माजा नाव घाल. पार्वती घाल आणि द्वारकी पण घाल, दोनय." रंजना तिच्या खुर्चीमागे उभी होती. इतका वेळ ती टाळ्या वाजवत नव्हती, रडत नव्हती, नुसती ताठ उभी होती. ती म्हणाली, "आणि माझ्या वडिलांचा वारस इथे आहे, एवढं त्या यादीत दुरुस्त करा."

जेवणं झाली. काही जण माझ्याशी बोलले नाहीत. सांबारं चांगलं झालं होतं.

रविवार, शुवैख

कुवेतमध्ये रविवार हा कामाचा वार. रंजनाने मला शुवैखला नेलं. बंदराजवळचा तो भाग म्हणजे नुसती गॅरेजं, गोदामं, लोखंड, तेलाचे डाग, आणि मधूनच धूळ घेऊन येणारा वारा. पुस्तक छापलं होतं तो छापखाना एका टायरच्या दुकानामागे होता. नव्याने पुस्तक छापणं शक्य नव्हतं. पण दिलीपने एक गोष्ट केली होती, त्याबद्दल त्याला माझे गुण. त्याने छापखान्याला फोन करून ठेवला होता की बाई जे देतील ते छापा, आणि प्रत्येक प्रतीत सहाव्या प्रकरणावर चिकटवा.

मी हाताने लिहिलेला कागद घेऊन गेले होते. 'केळंब्याची विहीर खणणाऱ्या', आणि खाली एक ते चौदा आकडे. हॉलमधल्या मुलांनी सांगितलेल्या आठ. माझी सासू. पार्वती ऊर्फ द्वारकी. तिला आठवलेल्या दोघी. बारा झाल्या. शनिवारचा अख्खा दिवस मी संजयच्या घरातून गावाला फोन करण्यात घालवला होता. उरलेल्या दोघींपैकी एकीच्या घराला कुलूप आहे, माणसं कुठे गेली कुणाला माहीत नाही. दुसरीची सून जिवंत आहे, घरातच आहे. ती फोनवर म्हणाली, "नाव? आमी आत्ये म्हणायचंव." घरात विचारून बघा म्हटलं, तर तिने विचारलं, नवऱ्याला, दिराला, नणंदेला. कुणालाच आलं नाही. त्या बाईने त्या घरात तीन मुलगे वाढवले.

छापखान्यातला माणूस केरळचा होता, साधारण माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. मराठी त्याला येत नव्हती, पण देवनागरी अक्षरं जुळवत होता. संगणकावर त्याने कागद चढवला, वरून खाली बोट फिरवत आकडे मोजले, पुन्हा मोजले आणि माझ्याकडे वळला.

"मॅडम, तेरह-चौदह नंबर के आगे कुछ नहीं है. नाम छूट गया क्या?"

"हाँ," मी म्हटलं. "छूट गया."

"तो नंबर निकाल दूँ? बारह तक रखूँ? अच्छा दिखेगा."

"नंबर नहीं निकालना," मी म्हटलं. "वो जगह खाली छापो."